जपानच्या डोंगरातलं ओन्सेन: आधी पाणी समजून घ्या

जपानला निघालेल्या मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात आता टोकियो, क्योतो आणि फुजीच्या जोडीने एक रात्र ओन्सेनची असते. ओन्सेन म्हणजे नैसर्गिक गरम पाण्याचा झरा आणि त्या पाण्यावर चालणारं स्नानगृह. आरक्षण झालं की घरात प्रश्न सुरू होतात. खरंच अंगावर काही न ठेवता उतरायचं? आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिला चालेल? मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो आईबरोबर जाईल की बाबांबरोबर? उत्तरं शोधायला जावं तर 'हे करा, ते करू नका' अशा याद्या हाती येतात. त्या पाठ होतात पण कळत नाहीत, आणि न कळलेला नियम नेमका ऐन वेळी आठवत नाही.

माझं म्हणणं असं की याद्या बाजूला ठेवाव्यात आणि आधी पाण्याकडे बघावं. ते येतं कुठून, त्यात असतं काय, कुंडात ते किती वेळ राहतं, हे एकदा समजलं की अंग आधी का धुवायचं, पंचा पाण्यात का बुडवायचा नाही, पायातली जोडवी का काढून ठेवायची, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

पाणी तापतं कसं

गरम पाण्याची कुंडं आपल्याला नवीन नाहीत. गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी, उन्हवरे, अरवली, तुरळ, राजवाडी ही नावं कोकणात घरोघरी माहीत आहेत. हे झरे साधारण उत्तर-दक्षिण अशा एका पट्ट्यात आहेत, पण त्यांच्याखाली आज ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल उतरतं. जमिनीत जसजसं खाली जावं तसतसं तापमान वाढत जातं, त्या उष्णतेने पाणी तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. त्यामुळे आपल्याकडचं पाणी गरम असलं तरी सहसा तिखट नसतं.

जपानच्या डोंगरातली गोष्ट वेगळी आहे. पॅसिफिक महासागराचा तळ जपानच्या बेटांखाली दरवर्षी काही सेंटीमीटर सरकतो आहे. या तळाच्या खडकांत पाणी अडकलेलं असतं. खोल गेल्यावर दाबाने आणि उष्णतेने ते सुटतं आणि वरच्या तप्त खडकात शिरतं. पाणी मिसळलं की खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो. त्यातून शिलारस तयार होतो आणि तो वर चढून ज्वालामुखींची रांग उभी करतो. जपानमध्ये आज १११ ज्वालामुखी जिवंत मानले जातात. शिलारसातून गंधकाचे आणि क्लोरीनचे वायू सुटतात आणि वाटेतल्या भूजलात विरघळतात. म्हणून तिथलं पाणी गरम तर असतंच, शिवाय आम्लयुक्त असतं, गंधकाचा वास मारतं, डोळ्यांत गेलं तर झोंबतं आणि धातू खातं.

सगळी ओन्सेन ज्वालामुखीचीच असतात असंही नाही. कोबे शहरामागच्या डोंगरातलं आरिमा हे फार जुनं ओन्सेन. त्याच्या जवळपास जिवंत ज्वालामुखी नाही, तरी तिथे समुद्रापेक्षा खारट, गरम पाणी वर येतं. खाली सरकणाऱ्या समुद्रतळातून पिळून निघालेलं पाणीच थेट वर येत असावं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. त्यात लोह असल्याने हवा लागली की ते गंजाच्या रंगाचं होतं.

पांढऱ्या पाण्याचं कारणही असंच साधं आहे. डोंगरातल्या ओन्सेनचे दुधाळ कुंडांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते पाणी जमिनीतून निघताना बहुधा स्वच्छ, पारदर्शक असतं. त्यात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा हवेशी संबंध आला की गंधकाचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात आणि पाण्यात तरंगतात. कण फार बारीक असताना पाणी निळसर दिसतं आणि ते मोठे होत गेले की पांढरं. त्यामुळे एकाच कुंडाचा रंग आज वेगळा आणि उद्या वेगळा दिसू शकतो.

कायदा आणि भिंतीवरचा कागद

जपानमध्ये ओन्सेन म्हणजे काय हे १९४८च्या कायद्याने ठरवलं आहे. जमिनीतून निघताना पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम हवं, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी निदान एक तरी ठरावीक प्रमाणात हवा. दोन्हींतलं एक पुरेसं आहे. म्हणजे थंड पण खनिजयुक्त पाणी गरम करून वापरलं तरी ते ओन्सेनच. उलट साधं २६ अंशांचं पाणीही कायद्याने ओन्सेन ठरतं. म्हणूनच नुसत्या पाटीवर जाऊ नये.

बघायचा असतो तो कपडे बदलण्याच्या खोलीतल्या भिंतीवरचा तपासणी अहवाल. तो लावणं बंधनकारक आहे आणि दर १० वर्षांनी नवी तपासणी करावी लागते. जपानी येत नसलं तरी फोनवरच्या भाषांतराने उगमाचं तापमान, पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्लयुक्त) आणि पाण्याचा प्रकार एवढं वाचता येतं. मात्र हे वाचन कुणी कपडे बदलत नसताना, मालकाला विचारूनच करावं, कारण त्या खोलीत फोन बाहेर काढणं कुणालाच आवडत नाही. खोलीच्या बाहेर किंवा संकेतस्थळावर अहवाल असेल तर फारच उत्तम.

अहवालाशेजारी आणखी एक माहिती असते: पाण्यात साधं पाणी मिसळलं आहे का, ते वेगळं तापवलं आहे का, गाळून पुन्हा फिरवलं जातं का, जंतुनाशक किंवा रंग घातला आहे का. ही माहिती लावण्याची सक्ती २००५मध्ये झाली. त्याआधीच्या वर्षी नागानोच्या डोंगरातल्या शिराहोने या दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात, पाणी पांढरं दिसावं म्हणून काही ठिकाणी स्नानाची पूड घालत असल्याचं उघड झालं. देशभर गदारोळ उठला आणि मग नियम आले.

उगमाचं पाणी सतत कुंडात पडतं, काठावरून वाहून जातं आणि पुन्हा वापरलं जात नाही, या पद्धतीला 'गेन्सेन काकेनागाशी' म्हणतात. ओन्सेन निवडताना हे दोन शब्द शोधावेत, असं मी आग्रहाने सांगेन. पाणी फिरवून वापरणारी मोठी हॉटेलं वाईट असतात असं नाही. झरा बारीक असेल तर त्यांना दुसरा उपाय नसतो आणि तिथे लेजिओनेला या जंतूपासून बचावासाठी क्लोरीन घालावंच लागतं. पण डोंगरात एवढं लांब जायचं ते उगमाच्या पाण्यासाठी, हे लक्षात ठेवावं.

आता बाकीचे नियम बघा. काकेनागाशी कुंडात अनेकदा काहीच घातलेलं नसतं, ना क्लोरीन ना गाळणी. पाण्याची स्वच्छता उतरणाऱ्या माणसांच्या अंगाच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. पुढचं सगळं इथून निघतं.

कुसात्सु: जिथे पाणी ढवळून थंड करतात

एक उदाहरण नीट पाहू. गुन्मा प्रांतात सुमारे १,२०० मीटर उंचीवर, कुसात्सु-शिराने ज्वालामुखीच्या उतारावर कुसात्सु हे गाव आहे. गावातल्या सगळ्या झऱ्यांचं मिळून मिनिटाला ३२,००० लिटरहून अधिक पाणी आपोआप वर येतं. गावाच्या ऐन मध्यभागी युबाताके आहे. तिथे मिनिटाला सुमारे ४,००० लिटर वाफाळतं पाणी लाकडी पन्हळ्यांवरून वाहत खाली पडतं आणि वाटेत थोडं निवतं. पन्हळ्यांत जमणारी गंधकाची पिवळट पूड खरवडून गोळा करतात.

या पाण्याचा पीएच २च्या आसपास आहे, म्हणजे ते जवळजवळ लिंबाच्या रसाइतकं आंबट. त्यात बहुतेक जंतू टिकत नाहीत. पण ते इतकं गरम असतं की थेट उतरता येत नाही, आणि थंड पाणी मिसळलं तर त्याची ताकद जाते. यावर गावाने काढलेला मार्ग म्हणजे युमोमी. सुमारे १.८ मीटर लांबीच्या लाकडी फळ्यांनी, गाणी म्हणत, पाणी खालीवर घुसळायचं. नेत्सुनोयु या इमारतीत हे आता पर्यटकांसाठी करून दाखवतात. ते केवळ प्रदर्शन समजून बघू नये. पूर्वी लोक इथे उपचारासाठी आठवडेच्या आठवडे राहत, अशी घुसळण करून ४७-४८ अंशांच्या पाण्यात एकत्र उतरत आणि तीनेक मिनिटांत एकत्रच बाहेर येत. १८७६मध्ये जपानात वैद्यक शिकवायला आलेले जर्मन डॉक्टर एर्विन फोन बेल्झ यांनी कुसात्सुच्या पाण्याची आणि हवेची फार प्रशंसा केली, आणि गावाचं नाव युरोपपर्यंत गेलं.

या पाण्याची दुसरी बाजू गावाखाली दिसते. एवढं आम्ल नदीत गेल्यामुळे पूर्वी खालच्या युकावा नदीत मासे जगत नसत, शेताला पाणी घेता येत नसे आणि पुलांचं लोखंड व काँक्रीट झिजत असे. १९६४पासून तिथे नदीत रोज, अखंड, चुनखडीची पूड कालवून सोडली जाते. आम्ल आणि चुना यांची प्रक्रिया होऊन तयार झालेला गाळ खालच्या शिनाकी धरणात अडवतात. गावातून चालत हे केंद्र बघता येतं. मला कुसात्सुमधली सर्वांत विचार करायला लावणारी जागा हीच वाटते: वरच्या बाजूला लोक ज्या पाण्यासाठी येतात, त्याच पाण्याला खालच्या बाजूला सहा दशकं रात्रंदिवस आवर घालावा लागतो आहे.

आकितातल्या तामागावाचं पाणी तर याहून तिखट आहे, पीएच १.२. एकाच तोंडातून मिनिटाला ९,००० लिटर, ९८ अंशांचं पाणी उसळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

कुंडापर्यंतची पावलं

प्रवेशाला कापडी पडदा असतो. पुरुषांचा बहुधा निळा, बायकांचा बहुधा लाल, पण रंगावर विसंबू नका, अक्षर ओळखा. पुरुषांच्या अक्षरात वरच्या बाजूला चार खणांची चौकट असते. बायकांच्या अक्षरात चौकट नसते, एकमेकींना छेदणाऱ्या तीन रेघा असतात. अनेक मुक्कामी घरांत रात्री आणि सकाळी दोन्ही बाजूंची अदलाबदल करतात, म्हणजे पाहुण्यांना दोन्ही कुंडं मिळावीत. त्यामुळे काल संध्याकाळी ज्या दारातून गेलात त्याच दारातून सकाळी डोळे मिटून शिरू नका.

आत कपडे टोपलीत ठेवायचे, सगळे. पोहण्याचा पोशाख चालत नाही, कारण कापडातला साबण, घाम आणि धागे पाण्यात उतरतात. दागिने काढा. गंधकाच्या पाण्यात चांदी काही मिनिटांत काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी, सगळं खोलीवरच ठेवून यावं. सोन्यात मिसळलेल्या तांब्यामुळे सोन्याचा दागिनाही निस्तेज होऊ शकतो, तेव्हा मंगळसूत्र गळ्यात ठेवायचंच असेल तर निदान पाण्याचा प्रकार बघून ठरवावं.

मग धुण्याची जागा. तिथे छोटी स्टुलं, फवारे, साबण आणि शाम्पू असतात. बसूनच अंघोळ करायची, म्हणजे शेजारच्यावर पाणी उडत नाही. ही अंघोळ घाईत उरकू नका. डोक्याला तेल लावलेलं असेल तर शाम्पूने पूर्ण काढा, कारण तेलाचा एक थेंबही गाळणी नसलेल्या कुंडावर पसरलेला दिसतो. केस लांब असतील तर वर बांधा. फेस पूर्ण गेल्यावर स्टूल धुऊन जागेवर ठेवायचं. जुन्या, साध्या ओन्सेनमध्ये फवारे नसतात. तिथे कुंडातलं पाणी बादलीने पायांपासून वर खांद्यांपर्यंत अंगावर घ्यायचं. याला काकेयु म्हणतात आणि त्याने शरीराला उष्णतेची सवयही होते, म्हणून फवाऱ्याखाली अंघोळ झालेली असली तरी उतरण्याआधी हे करावंच.

छोटा पंचा बरोबर असतो. चालताना पुढे धरायला तो पुरतो. पाण्यात उतरलात की डोक्यावर ठेवा किंवा काठावर, पाण्यात पिळू नका. पोहणं, बुडी मारणं, मोठ्याने बोलणं नको. हळू आवाजातल्या गप्पा मात्र चालतात. शेजारी बसलेले आजोबा 'कुठून आलात' असं विचारतील, तर आनंदाने सांगा.

बाहेर आल्यावर अंग टिपून मगच कपड्यांच्या खोलीत जायचं, तिथली जमीन कोरडी राहिली पाहिजे. खनिजं अंगावर राहावीत म्हणून बरेच जण पुन्हा साधं पाणी घेत नाहीत. पण तीव्र आम्लाच्या पाण्यातून आल्यावर कातडी नाजूक असेल तर साध्या पाण्याने धुवावं. आदल्या दिवशी दाढी केली असेल किंवा पायांचे केस काढले असतील तर कुसात्सुसारखं पाणी झोंबणार, एवढं धरून चाला.

मुक्कामी घरात मिळणारा युकाता, म्हणजे सुती झगा, नेसताना डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलटी पद्धत मृतांसाठी असते, त्यामुळे चुकलं तर कुणीतरी आजी हमखास पुढे येऊन नीट करून देते.

संकोच, मुलं आणि गोंदण

आपल्याकडे नदीवर, तीर्थावर, वज्रेश्वरीच्या कुंडातही अंगावर कपडे ठेवूनच स्नान होतं. त्यामुळे अनोळखी लोकांत उघडं बसणं जड वाटतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्यांना नको असेल त्यांनी मनावर दगड ठेवून करू नये. डोंगरातल्या बहुतेक मुक्कामी घरांत काशिकिरी, म्हणजे तास-पाऊण तास फक्त तुमच्या कुटुंबासाठी राखीव कुंड मिळतं. काही ठिकाणी ते फुकट असतं, काही ठिकाणी वेगळे पैसे पडतात. काही खोल्यांना स्वतःचं कुंड असतं, ते महाग. आई-सासूबाईंबरोबर जाणाऱ्या सुनेने, वयात आलेल्या मुलींच्या आईने हा पर्याय बिनदिक्कत घ्यावा. पाळी चालू असताना सामायिक कुंडात उतरत नाहीत, त्या दिवशीही खोलीतली अंघोळच बरी. लंगोट लागणाऱ्या बाळांना सामायिक कुंडात नेत नाहीत.

नऊ वर्षांच्या मुलाचा प्रश्न: २०२०मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि साधारण ७ वर्षांपासून पुढच्या मुलांनी दुसऱ्या बाजूला जाऊ नये असं सुचवलं. अंतिम नियम प्रांताप्रांताचे. म्हणजे नऊ वर्षांचा मुलगा बाबांबरोबर.

पुरुष आणि बायका एकत्र उतरतात अशी कुंडंही, कोन्योकु, डोंगरात अजून काही उरली आहेत. पूर्वी ती सर्रास होती, आता कमी होत चालली आहेत. आओमोरीच्या हाक्कोदा डोंगरातलं सुकायु हे त्यांतलं नावाजलेलं. तिथे हजार माणसांचं स्नानगृह अशी ख्याती असलेला लाकडी हॉल आहे आणि फक्त बायकांसाठी राखलेली वेळही आहे. अशा ठिकाणी पुरुषांनी एकाच जागी ठाण मांडून बायकांची वाट बघत बसणं यासारखा दुसरा असभ्यपणा नाही. बायकांनी अशा कुंडांपासून लांब राहणं पसंत केलं, याला मुख्य कारण तेच.

अंगावरचं गोंदण हा खरा अडचणीचा विषय आहे. एदो काळात, म्हणजे जुन्या शोगुन राजवटीत, गुन्हेगारांना शिक्षा म्हणून गोंदत असत, १८७२मध्ये गोंदण्यावर बंदी आली, ती १९४८मध्ये उठली आणि नंतर अंगभर गोंदण ही संघटित गुन्हेगारांची ओळख बनली. म्हणून अनेक स्नानगृहांनी गोंदलेल्यांना सरसकट मनाई केली. २०१३मध्ये होक्काइदोत न्यूझीलंडच्या एका माओरी पाहुणीला, चेहऱ्यावर परंपरेचं गोंदण असल्याने, प्रवेश नाकारला गेला आणि देशात मोठी चर्चा झाली. २०१५मध्ये जपानच्या पर्यटन विभागाने पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्या स्नानगृहांपैकी सुमारे ५६ टक्के गोंदलेल्यांना प्रवेश देत नव्हती, सुमारे ३१ टक्के देत होती आणि उरलेली झाकलं तर चालेल म्हणत होती. आपल्याकडे आजीच्या कपाळावर, मनगटावर हिरवं गोंदण असतं, ते देवाधर्माचं आणि सौभाग्याचं. ते बारीक असल्याने कातडीच्या रंगाची चिकटपट्टी लावून बहुतेक ठिकाणी निभावतं, पण आरक्षणाआधी विचारून घ्यावं. दंडभर टॅटू असलेल्या तरुणांनी राखीव कुंडच घ्यावं.

शरीराला काय होतं

कुंडांचं पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं, गावकऱ्यांच्या सामायिक कुंडांत त्याहून गरम. नागानोतल्या नोझावा ओन्सेन गावात अशी १३ स्नानगृहं गावकरी स्वतः सांभाळतात आणि पाहुण्यांनाही उतरू देतात. पैसे म्हणजे दारातल्या पेटीत ऐच्छिक. पाणी असह्य वाटलं तर नळ सोडण्याआधी आत बसलेल्यांना विचारावं. त्याच गावात ओगामा नावाच्या उकळत्या झऱ्यात लोक भाज्या उकडतात, ती जागा मात्र फक्त गावकऱ्यांची.

गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तदाब उतरतो. झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते ती त्यामुळे. हिवाळ्यात उलट धोकाही असतो. थंडगार खोलीत कपडे काढले की वाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि लगेच गरम पाण्यात शिरलं की तो कोसळतो. या चढउताराने वयस्क माणसांना त्रास होतो, जपानमध्ये दर हिवाळ्यात याबद्दल इशारे दिले जातात. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून, कमी गरम कुंडात, छातीच्या खाली पाणी ठेवून पाचेक मिनिटं बसावं, काठ धरून हळू उठावं आणि बरोबर कुणीतरी असावं. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना पाणी किती गरम आहे हे पायाला कळत नाही. त्यांनी आधी हाताने बघावं. ताप असेल, हृदयाचा गंभीर आजार असेल तर उतरू नये. जेवल्यावर लगेच नको, दारू पिऊन तर मुळीच नको. गरोदरपण पूर्वी मनाईच्या यादीत होतं. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१४मध्ये ते काढून टाकलं, तरी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

'अमुक पाण्याने तमुक रोग बरा होतो' अशा पाट्या दिसतील. ऊब, पाण्याचा दाब, विश्रांती, डोंगरातली हवा यांनी सांधे मोकळे होतात आणि झोप छान लागते, हे पक्कं. औषध सोडून पाण्यावर भरवसा ठेवण्याइतकं मात्र त्यात काही नाही.

एक धोका पर्यटकांना कुणी सांगत नाही आणि तो सांगायलाच हवा. सडलेल्या अंड्यासारखा वास ज्याचा येतो तो हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि हवेपेक्षा जड आहे, म्हणून खळग्यांत साचतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणजे वास थांबला की धोका टळला असं समजणं चूक. २००५च्या डिसेंबरात आकितातल्या दोरोयु ओन्सेनजवळ बर्फातल्या खळग्यात साचलेल्या या वायूने एका कुटुंबातल्या चौघांचा जीव गेला. स्नानगृहांत वायू निघून जावा म्हणून झरोके उघडे ठेवतात, ते थंडी वाजते म्हणून बंद करू नका. दोरी बांधलेल्या जागेपलीकडे फोटोसाठी जाऊ नका आणि बर्फात मुलांना झऱ्यांजवळ खेळायला सोडू नका.

कुठे जावं, काय खावं

पहिल्या खेपेला कुसात्सु बरं. टोकियोच्या उएनो स्थानकातून थेट गाडी, मग नागानोहारा-कुसात्सुगुचीहून बस. गावात वेगवेगळी स्नानगृहं आहेत, दुकानं आहेत, इंग्रजी पाट्या आहेत. एकांत हवा असेल तर आकितातलं न्यूतो. टोकियोहून आकिता शिनकानसेन या वेगवान गाडीने ताझावाको स्थानक, तिथून बसने डोंगरात. न्यूतोत सातच मुक्कामी घरं आहेत, पाणी प्रत्येकाचं वेगळं. मुक्काम करणाऱ्यांना सातही ठिकाणी उतरण्याचा एकत्र पास विकत मिळतो. त्यांतलं सर्वांत जुनं त्सुरुनोयु, गवताने शाकारलेल्या लांबट घराचं. तिथल्या उघड्या कुंडात पाणी पायाखालच्या खड्यांतून बुडबुड वर येतं. ते कुंड एकत्र आहे, पण पाणी दाट दुधाळ आहे आणि बायकांची वेगळी कुंडंही आहेत. तिथली खोली महिनोन् महिने आधी भरते. कुमामोतोतलं कुरोकावा हे तिसरं नाव मी घेईन. तिथे १९८६पासून लाकडी पास घेऊन वेगवेगळ्या घरांची तीन कुंडं अनुभवता येतात.

फक्त दिवसा स्नान करून परतायचं असेल तर वेळ बघा. बाहेरच्यांसाठीचे तास अनेकदा दुपारीच संपतात, कारण नंतर मुक्कामी पाहुणे येतात. न्यूतोतलं कुरोयु तर हिवाळाभर बंदच असतं. रोख येन जवळ ठेवा. बिलात स्नानकराचे साधारण १५० येन वेगळे दिसतील, तो स्थानिक कर आहे.

शाकाहारी मंडळींसाठी मुक्कामाचा सर्वांत कठीण भाग पाणी नसून जेवण आहे. अशा घरात संध्याकाळचं जेवण ठरलेल्या वेळी, अनेक छोट्या वाट्यांतून येतं आणि जवळपास प्रत्येक वाटीत दाशी असते. दाशी म्हणजे बहुधा कात्सुओ नावाच्या सुकवलेल्या माशाचा अर्क. भाजीत, सूपमध्ये, अंड्यात, वरच्या सॉसमध्येही. 'मी शाकाहारी आहे' एवढं लिहिलं तर मासा ताटातून जाईल पण दाशी राहील, कारण स्वयंपाक्याच्या दृष्टीने तो मासा नाही, चव आहे. म्हणून आरक्षण करतानाच जपानीत लिहून कळवा: मांस नको, मासे नकोत, माशाची दाशीही नको, कोम्बु शेवाळाची किंवा शिताके अळिंबीची दाशी चालेल, दूध आणि अंडी चालतात की नाही. काही घरं आनंदाने करतात, काही नम्रपणे नाही म्हणतात, आणि ते नाही आठवडाभर आधी कळलेलं बरं. नाही आलंच तर 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवायचा मुक्काम मिळतो का विचारा. न्यूतोसारख्या ठिकाणी आसपास दुकान नाही, तेव्हा ताझावाको स्थानक सोडण्याआधी खाण्याची सोय पिशवीत हवी.